इटलीचा दुसरा गिअर

इटली नावाचा देश आहे हे मला शाळेत भूगोलाच्या तासाला कळलं. तोवर इटली म्हणजे आमच्या अंगणात उभी असणारी लाल मोटारसायकल, एवढंच मला ठाऊक. नांदेडच्या मिलमध्ये नवी यंत्रं बसवायला फार पूर्वी कुणी परदेशी इंजिनियर आला होता. त्यानं ती गाडी सोबत आणली आणि जाताना इथंच सोडली. दोन-तीन हातांतून फिरत ती माझ्या वडिलांकडे, म्हणजे अप्पांकडे आली. जुन्या मोंढ्याजवळ अप्पांचं पाण्याच्या पंपांचं छोटं दुकान होतं. पंप विकायचे, शेतावर जाऊन बसवून द्यायचे आणि बिघडले की पुन्हा जाऊन दुरुस्त करायचे, असा त्यांचा धंदा. लोह्यापासून थेट जळकोटच्या डोंगरापर्यंत ते इटलीवर फिरत. तिचा गिअर त्या काळच्या बुलेटसारखा उजव्या पायाशी होता आणि ब्रेक डाव्या. पहिला गिअर बुटाच्या पंज्यानं खाली दाबला की पडायचा. दुसरा, तिसरा, चौथा मात्र बुटाचं टोक दांडीखाली घालून वर उचलावे लागत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

आमचं घर दोन खोल्यांचं, पुढं फरशी घातलेलं अंगण. सकाळी मिलचा भोंगा व्हायचा आणि त्याच्या आधीच आईच्या भाकरी थापण्याचा आवाज सुरू झालेला असायचा. अप्पा आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, हातात इष्टलिंग घेऊन पूजेला बसत. पूजा होईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मग ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, कधी येसराची आमटी, आणि सोमवारी चुरमुऱ्यांचा सुशीला. जेवण झालं की अप्पा पायरीवर बसून बूट घालत आणि मला हाक मारत, "नंदा, किल्ली आण गं." मी एकुलती एक. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि उदगीरच्या एका किराणा दुकानदाराच्या घरी माझी सोयरीक ठरली होती. सुपारी फुटली होती. उन्हाळ्यात लग्न करायचं चाललं होतं. मुलगा मी एकदाच पाहिला होता, आणि खोटं कशाला सांगू, मला आवडला होता.

त्याच हिवाळ्यात अप्पांची तक्रार सुरू झाली. "दुसरा पडंना गेलाय. उचलतो, पर मधीच कुठं तरी अडकून राहिलाय." पहिल्यांदा आम्ही कुणी लक्ष दिलं नाही. जुनी गाडी, काही ना काही निघायचंच. अप्पा ती रशीदचाचांकडे घेऊन गेले. देगलूर नाक्याकडे रशीदचाचांचं गॅरेज होतं, आणि इटली आल्यापासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. त्यांनी गिअरबॉक्स उघडला, दांडीला परत जागेवर आणणारी आतली स्प्रिंग बदलली, तेल बदललं. स्वतः चालवून पाहिली आणि म्हणाले, "मक्खन चल री, अप्पा." अप्पा घेऊन आले. आठवडाही गेला नाही, पुन्हा तेच. चाचांनी पुन्हा उघडली. गिअरचे दात पाहिले, दातांना सरकवणारे काटे पाहिले. काही झिजलेलं नव्हतं. तिसऱ्यांदा अप्पा गेले तेव्हा मी सोबत होते. चाचा माझ्या देखत गाडीवर बसले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि चारही गिअर टाकून परत आले.

"मेरेकू तो कुछ दिखता नै," ते डोकं खाजवत म्हणाले. "तुमच्याकडंच काय नखरे करती ही?"

अप्पा एकदम चिडले. "म्हणजे मी खोटं बोलून राहिलो का?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. अप्पा कुणावर आवाज चढवणारे नव्हते. मला ते विचित्र वाटलं, पण त्यातून काही लक्षात आलं नाही.

त्यानंतर अप्पांनी गाडी चाचांकडे नेणंच सोडलं. रविवारी अंगणात पोती अंथरून ते स्वतः गिअरबॉक्स उघडू लागले. एकेक भाग काढून माझ्या हाती द्यायचा, मी रॉकेलच्या घमेल्यात धुवायचा आणि पुसून ओळीनं मांडायचा. माझ्या बोटांना दोन-दोन दिवस रॉकेलचा वास यायचा. आई म्हणायची, भाकरीला लागतो. अप्पा प्रत्येक दात उन्हात धरून बघायचे. नख फिरवायचे. पुन्हा पुन्हा तोच भाग उचलायचे. "इथं काय तरी असंल," ते स्वतःशीच पुटपुटत. काहीही नसायचं. सगळं परत बसवून ते सीटवर बसत, दांडी हातानं उचलून बघत. हातानं उचलली की दुसरा बिनबोभाट पडायचा. मग ते पुन्हा पाना उचलत.

घरात भीती शिरली ती अशी, हळूहळू. एकदा अप्पा कोपर खरचटून आले. एकदा डाव्या बाजूची पायदांडी वाकवून आणली. म्हणाले, खड्ड्यात गेली. ते निघाले की आई दारात उभी राहायची आणि गल्लीतून वळेपर्यंत आत यायची नाही. त्यांना यायला वेळ झाला की ती कणीक तिंबायला घ्यायची, मळलेली असली तरी पुन्हा तिंबायची. मला वाटायचं, ही गाडीला भिते. मीही गाडीलाच भीत होते. आणखी एक गोष्ट त्या दिवसांत मी रोज बघत होते आणि तरी मला दिसत नव्हती. अप्पा अंगणात चालताना त्यांच्या उजव्या पायातली चप्पल मागं राहायची. ते तसेच चार पावलं पुढं जात, मग आई ती चप्पल उचलून त्यांच्या पायाशी ठेवायची.

लोह्याला माझी मावशी राहते. एकदा तिकडं जवळच कुणाच्या तरी विहिरीवरचा पंप बघायला अप्पा निघाले होते, म्हणाले, चल, तुला मावशीकडं सोडतो. दुपारची वेळ होती. विष्णुपुरीपर्यंत आम्ही बरे गेलो. धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं. पुढं रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर लागला, दोन ट्रॉल्यांचा, रस्ता भरून चाललेला. अप्पा थोडा वेळ त्याच्या मागं राहिले. तोंडावर उसाचं पाचट उडत होतं. मग त्यांनी गाडी उजवीकडं काढली आणि वेग घेतला. ट्रॅक्टरच्या बरोबरीला आलो तेव्हा त्यांनी गिअर बदलायला क्लच ओढला, सोडला, आणि इंजिन नुसतं किंचाळलं. गाडी ओढेना. दुसरा आणि तिसरा यांच्या मध्येच गिअर लटकला होता. समोरून ट्रक येत होता.

मी अप्पांच्या खांद्यावरून खाली पाहिलं. अप्पाही खालीच बघत होते. समोर ट्रक आणि ते आपल्या पायाकडं बघत होते. त्यांचा उजवा पाय दांडीखाली होता आणि ते तो उचलत होते, अख्खी मांडी उचलत होते, पण बुटाचं टोक वर येत नव्हतं. पंजा मेलेल्या पाखरासारखा खाली लोंबत होता. ट्रकचा हॉर्न वाजत होता. मी काय ओरडले मला आठवत नाही. अप्पांनी डाव्या पायानं ब्रेक दाबला, ट्रॅक्टर आमच्या बाजूनं पुढं सरकला, आणि त्याच्या दुसऱ्या ट्रॉलीमागं आम्ही कसेबसे घुसलो. ट्रक इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्यानं माझा पदर तोंडावर आला. गाडी रस्त्याच्या कडेच्या मुरमात जाऊन आडवी झाली आणि आम्ही दोघं बाभळीखाली पडलो.

मला फारसं लागलं नव्हतं. उठले तर अप्पा गाडीशेजारी बसलेले, हात गुडघ्यावर. मला वास आला. आधी मला वाटलं रबर जळतंय. मग दिसलं की अप्पांच्या उजव्या पोटरीवर तापलेला सायलेन्सर टेकलेला होता, पॅन्टला भोक पडलं होतं आणि आतली कातडी जळत होती. अप्पा शांतपणे रस्त्याकडं बघत होते.

"अप्पा, पाय! पाय काढा!"

त्यांनी खाली पाहिलं. मग हातानं, एखादी वस्तू उचलावी तसा, पाय उचलून बाजूला ठेवला. भाजल्याची जागा पांढरी पडली होती. त्यांनी "हाय" सुद्धा म्हटलं नाही.

"दुखत न्हाई का तुम्हाला?"

ट्रॅक्टरवाला थांबला होता, त्याला अप्पांनी हात करून जा म्हणून सांगितलं. मग म्हणाले, "न्हाई दुखत. लई दिवस झाले." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "गिअरबॉक्समधी काय तरी सापडंल, असं वाटत होतं गं मला."

मांडीवर एक फिकट चट्टा होता, तो त्यांनी मला दाखवला नाही, फक्त सांगितलं. त्या काळात आमच्याकडं त्या रोगाचं नाव कुणी घेत नसे. गोदावरीच्या घाटावर बोटं झडलेली माणसं बसत, आणि आई लहानपणी मला तिथून नेताना माझा चेहरा आपल्या पदराखाली घ्यायची. नाव घ्यायचं झालं तर 'ते' म्हणायचं. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकत होते, जंतूचं लॅटिन नाव मला पाठ होतं, तरी त्या बाभळीखाली मला घाटावरचीच माणसं दिसली आणि त्यांच्यामध्ये बसलेले अप्पा दिसले.

लोह्याला गेलोच नाही. अप्पांनी गाडी पहिल्या गिअरमध्येच नांदेडपर्यंत आणली. मी मागं बसून त्यांची कंबर घट्ट धरली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मनात आलं, धरावं की नाही. या वयात मला ठाऊक आहे की तो रोग असा धरल्यानं लागत नाही, गोळ्या सुरू झाल्या की लागतच नाही. तेव्हाही पुस्तकात ते लिहिलेलं असणार. पण भीती पुस्तकं वाचत नाही.

आईला सांगायची गरज पडली नाही. जळलेली पॅन्ट पाहून ती चुलीपुढं खाली बसली. मी विचारलं, "आई, तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असायचं," ती म्हणाली. मग पदर तोंडाला लावून, "चट्टा दिसला होता. दसऱ्याच्याही आधी."

"मग दवाखान्यात का नेलं न्हाईस?"

"कोणच्या दवाखान्यात? इथं समदे ओळखतेत. उद्या उदगीरला कळंल. तुझं लगीन होऊन जाऊ दे बाई, मग बघू. उन्हाळा काय लांब हाय?"

"तोवर पाय जाईल त्यांचा."

"हळू बोल," आई म्हणाली. आमच्या आणि शेजारच्यांच्या मध्ये एकच भिंत होती.

पुढचे काही दिवस मी कशी राहिले ते सांगणं अवघड आहे. आंघोळीला गेले की स्वतःचं अंग बघायची. हातावर चिमटे घ्यायची. कोपरावर एक जुना डाग होता, त्यावर सुई टोचून टोचून रक्त काढलं आणि दुखलं म्हणून रडले, आनंदानं. अप्पांच्या टॉवेलला हात लावताना मी थबकायची आणि मग मुद्दाम मी तोच टॉवेल घ्यायची. आईनं त्यांचा तांब्या गुपचूप वेगळा ठेवला होता. अप्पांना ते दिसलं होतं. ते त्याच तांब्यातून पाणी पीत आणि तो स्वतःच घासून पालथा घालत. दाराची कडी वाजली की आम्ही तिघं एकमेकांकडं बघायचो.

शेवटी अप्पाच म्हणाले, "नंदा, तू चल माझ्यासंगं. लातूरला जाऊ. तिथं आपल्याला कोण वळखतंय." आई नको नको म्हणत राहिली आणि तरी पहाटे उठून तिनं धपाटे बांधून दिले.

एसटीनं गेलो. अहमदपूरच्या थांब्यावर ओळखीचा एक बी-बियाणांचा व्यापारी चढला आणि विचारू लागला, लातूरला कशाला? अप्पा म्हणाले, "पोरीच्या लग्नाचं कापड घ्यायला." तो लातूरपर्यंत आमच्या पुढच्या बाकावर बसला होता आणि उतरल्यावरही आम्ही गंजगोलाईत कापडाच्या दुकानांपुढं उगाच एक चक्कर मारली, तो दिसेनासा होईपर्यंत.

दवाखान्यात एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी अप्पांना टेबलावर झोपवलं आणि डोळे मिटायला सांगितले. "कापूस लावीन. लागलं की बोट ठेवून दाखवा कुठं लागलं." हातावर, पोटावर, डाव्या पायावर अप्पांचं बोट बरोबर जात होतं. मग बाईंनी उजव्या पायावर कापूस फिरवला. अप्पा गप्प. पुन्हा फिरवला. अप्पांच्या कपाळावर घाम आला. मग बाईंनी कापूस उचलून हातातच धरला, कुठंच लावला नाही, आणि अप्पा घाईनं म्हणाले, "लागलं! इथं, इथं लागलं." त्यांचं बोट पायावर फिरत होतं, जागा शोधत होतं. मी भिंतीकडं तोंड केलं.

बाईंनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोटानं चाचपलं, तिथली शीर सुतळीसारखी जाड झाली होती. पंजा वर उचलायला सांगितला, उचलला नाही. खाली दाबायला सांगितला, तेव्हा अप्पांनी बाईंचा हात मागं लोटला जाईल इतक्या जोरानं दाबला. मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि रोगाचं नाव घेतलं, सरळ, मोठ्यानं, सर्दी-पडसं म्हणावं तसं. दार उघडं होतं. अप्पांनी दाराकडं पाहिलं.

"बरे व्हाल," त्या म्हणाल्या. "गोळ्या चुकवायच्या नाहीत. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही. घरात सगळ्यांत राहायचं, सगळ्यांत जेवायचं. पाय मात्र पूर्वीसारखा वर उचलेल असं मी सांगत नाही. थोडा उशीर केलात."

"गाडी?" अप्पांनी विचारलं.

"कसली गाडी?"

"मोटारसायकल. गिअर उचलावा लागतोय."

बाईंनी पुन्हा पंजाकडं पाहिलं. "दाबता तर येतंय तुम्हाला," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर अप्पा पायरीवर बसून राहिले आणि आईला म्हणाले, "उदगीरला मी जाऊन येतो. लपवून पोरगी द्यायची न्हाई." आईनं त्यांच्यापुढं हात जोडले, मला बोलावलं, म्हणाली, तू सांग त्यांना. मी अप्पांशेजारी पायरीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी अप्पा एसटीनं गेले, संध्याकाळी परत आले आणि जेवायला बसले. त्या लोकांनी चहा दिला होता. आपण निघाल्यावर त्यांनी कपाचं काय केलं, घासला की फेकला, ते पाहिलं नाही, असं अप्पा म्हणाले. पुढं मध्यस्थाकडून निरोप आला की मुलाला सध्या लग्न करायचं नाही. मी चार दिवस रडले. नंतर शिक्षिका झाले, माझं लग्न उशिरा झालं, त्याची हकीकत वेगळी. पण त्या चार दिवसांत मला एकदाही असं वाटलं नाही की अप्पांनी जायला नको होतं.

इटली अंगणात तशीच उभी होती. आई म्हणत होती, विकून टाका. एके दिवशी सकाळी अप्पांनी मला सोबत घेतलं आणि गाडी हातानं लोटत आम्ही देगलूर नाक्याकडं निघालो. वाटेत अप्पांचा पाय दोनदा अडखळला. रशीदचाचा दारातच कुणाची तरी स्कूटर उघडून बसले होते.

"आओ अप्पा. इत्ते दिवस किधर गायब?"

अप्पांनी गाडी स्टँडला लावली. "रशीदभाई, गाडीत बिघाड नव्हता. तुम्ही खरं बोलत होतात." मग त्यांनी एका दमात सगळं सांगितलं, रोगाचं नाव घेऊन. मी त्यांच्या तोंडून ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "दाबता येतंय, उचलता येत न्हाई. दांडी मागं वाढवून टाचंपाशी एक पट्टी जोडता येईल का? टाच मागं दाबली की पुढून दांडी वर जाईल. तुम्हाला हात लावायचा नसंल तर तसं सांगा. मी राग मानणार न्हाई."

चाचा उठले नाहीत. हातातला पाना तसाच धरून ते अप्पांच्या बुटांकडं बघत राहिले. गॅरेजात पोरं होती, बाहेर चहाचा गाडा होता, सगळ्यांनी ऐकलं असणार. उद्यापासून मोंढ्यात काय होईल, दुकानात कोण पाय ठेवील, असं सगळं एकदम डोक्यात आलं आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"बैठो गाडी पे," चाचा म्हणाले.

अप्पा बसले.

"जूता निकालो."

"कशाला?"

"माप नै लेना? टाच किधर गिरती, मेरेकू क्या मालूम."

चाचा गाडीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. अप्पांनी बूट काढला, मोजा काढला. भाजल्याची जखम अजून ओली होती. चाचांनी तो पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, टाच तळहातात धरली आणि हळूहळू खाली दाबून बघितलं, कुठं येते. खडूनं लोखंडी पट्टीवर खूण केली. पुन्हा धरली, पुन्हा खूण केली. अप्पा ताठ बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"बस. हो गया," चाचा म्हणाले.

"हात धुवून घ्या रशीदभाई," अप्पा म्हणाले. "साबण आहे का?"

चाचांनी आपल्या काळ्या हातांकडं पाहिलं. "ग्रीसचेच हायत," ते म्हणाले, नेहमीच्या फडक्याला हात पुसले, आणि बाहेरच्या गाड्याकडं बघून मोठ्यानं ओरडले, "अरे, अप्पाकू और मेरेकू चाय ला. एकच कप दे, दोनो उसीमें पीते."